तेरवीच्या कीर्तनात 'मागचा जन्म' काढावा का?

शिवारातला
मिरगाच्या तोंडावर शेजारचा सव्वीस वर्षांचा पोरगा वीज पडून गेला. वखर सोडून तिघं लिंबाखाली थांबले होते. दोघं भाजले पण वाचले. तेरवीला कीर्तन ठेवलं, आणि महाराज म्हणाले, "वीज झाडावर पडत नाही, संचितावर पडते." मंडपात माना डोलल्या. पोराची आई तेवढी उठून आत गेली. मला महाराजांशी भांडायचं नाही. पण या बोलण्याला, म्हणजे मागच्या जन्मांच्या साठलेल्या कर्मानंच असं मरण येतं याला, खरंच काही आधार आहे का? आणि असला तरी ते तिथं बोलायचं का?

औसेकर
आधार आहे, आणि कच्चा नाही. देव एकाला सुखी, दुसऱ्याला दुःखी करतो, मग तो पक्षपाती आणि निर्दय नाही का, हा प्रश्न वेदान्ताच्या मूळ ग्रंथानं, ब्रह्मसूत्रांनीच घेतलाय: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. म्हणजे देव पक्षपातीही नाही, निर्दयही नाही, कारण तो ज्याचं त्याचं कर्म बघून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस साळीवर आणि जवावर सारखाच पडतो, पीक वेगळं येतं ते बियाण्यामुळं. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं, असं विचाराल, तर पुढच्याच सूत्रात उत्तर आहे: संसार अनादि आहे.

कोरडवाहू
पाऊस सारखा पडतो हे मराठवाड्यात कुणी म्हणू नये, लोक हसतील. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. तेव्हा अख्ख्या शहराचं बियाणं एकदमच किडकं निघालं का? आणि 'अनादि' म्हणजे सावकाराची वही झाली. पहिलं पान दाखवा म्हटलं की सांगायचं, वहीला पहिलं पानच नाही. व्याज मात्र भरत राहा.

माळवद
आमचं आजोळ किल्लारीकडचं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास गावंच्या गावं बसली. देवाचं करून झोपलेली माणसं होती ती! मारलं कुणी? दगड-मातीच्या रुंद भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या माळवदानं. ज्यांना असलं घर बांधायची ऐपत नव्हती, ते कुडाच्या झोपडीतले बरेच जण वाचले. मग संचित चांगलं कुणाचं, वाडेवाल्याचं का झोपडीवाल्याचं?

हा वाद जुना आहे. १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणादिवशी, माणसं चर्चमध्ये असताना. 'हे जग शक्य तितकं उत्तमच आहे' म्हणणाऱ्यांवर फ्रेंच लेखक व्होल्तेअर तुटून पडला तो त्यानंतर. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले, तर रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू चांगला होता, तरी माझं मत रवींद्रनाथांकडं.

औसेकर
भिंत का पडली हे इंजिनिअर सांगेल. माणूस विचारतो, माझंच माणूस त्या भिंतीखाली का? त्यावर तुम्ही म्हणणार, योगायोग. हे त्या आईला सांगून बघा. संचितापेक्षा ते मऊ लागेल असं वाटतं का?

कोरडवाहू
मऊ नसेल. पण त्यात तिच्या पोरावर आळ तरी नाही.

मिलिंदवाली
तुम्ही तेरवीचं बोलताय. गावकुसाबाहेरच्या माणसांना हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या रोज ऐकवलं गेलं. इतकं की चोखोबांच्या अभंगातही ते उतरलं: 'चोखा म्हणे विटाळ, आम्हां पूर्वींचे हें फळ.' आणि शेवटी मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते त्याच भिंतीखाली गेले. बाबासाहेबांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. मागच्या जन्माचं कर्म पुढं केलं की गरिबाच्या हालाला समाज किंवा सरकार जबाबदार राहत नाही. बुद्धाचा दाखलाही साधा आहे: बाण लागलाय ना, मग तो कुणी मारला, त्याची जात कोणती, हे विचारत बसू नका, आधी उपटा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप किती शेतकऱ्यांच्या फोनमध्ये आहे, ते मोजा आधी.

कंधारी
आमच्यात मयतीला 'इन्ना लिल्लाहि' म्हणतात. आपण त्याचेच, त्याच्याकडंच परत जायचं. कामून गेला, ते त्यात नाही. तरी अब्बा गेले तेव्हा हजरत अय्यूब पैगंबरांच्या सब्राचे, म्हणजे धीराचे, किस्से सांगणारे निघालेच. अय्यूबनं सब्र केला तो स्वतःच्या दुखण्यात. मला सांगणाऱ्याचं काय दुखत होतं?

जनीचं गाव
कंधारीभाऊ, आमचंही तेच म्हणणं. दुष्काळात तुकोबांचं घर बुडालं, बायको 'अन्न अन्न' करत गेली, आणि ते म्हणाले, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. केवढी ताकद लागते त्याला! पण ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले, दुसऱ्याच्या मांडवात जाऊन नाही. आणि आमच्या गंगाखेडची जनाबाई तर देवाचा बचावच करत नाही, 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणून त्याच्याशी भांडते. औसेकर, ही भक्ती नाही का? आत उठून गेलेली ती बाई मला जनीच्या जवळची वाटते.

औसेकर
भक्ती आहे. पण जनीलाही भांडायला समोर देव लागतो. कोरडवाहूंनी तो ठेवलाच नाही.

शिवारातला
एक गोष्ट लिहायची राहिली होती. वखर घेऊन जा म्हणून त्या दिवशी पोराला बापानंच पाठवलं होतं. बाप म्हणतो, "म्हाराजानं संचित म्हणलं आन् तवा कुठं मला झोप लागली. न्हाईतर मीच मारलं म्हून बसलो होतो." आई अजून त्या कीर्तनाचं नाव काढू देत नाही. वर्षश्राद्धाला त्याच महाराजांना बोलवायचं का, यावरून दोघांचं बोलणं बंद आहे.