मदत हवी आहे: बेळगावजवळ उचगावला गुंठा १४ लाख, की टिळकवाडीत फ्लॅट ४८ लाख?

प्रश्नकर्ता:
नोकरी उद्यमबागेत, हातात पगार ५५ हजार, शिल्लक १६ लाख. उचगाव शिवारात १ गुंठा १४ लाखांना मिळतोय. व्यवहार बाँडपेपरवर, "एनए (बिनशेती) नंतर होईल" म्हणतात. दुसरीकडे टिळकवाडीत बांधकाम चालू असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. जाणकारांनी हिशोब सांगावा. कागद सगळे कन्नडमध्ये आहेत.

हिशोबी:
आधी फ्लॅट. शहरात मुद्रांक शुल्क सेस-अधिभारासह ५.६ टक्के. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली, म्हणजे एकूण ७.६ टक्के: ३ लाख ६५ हजार. बांधकाम चालू आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणून जीएसटी ५ टक्के: २ लाख ४० हजार. ४८ चे झाले ५४ लाख.

बँक ८० टक्के देते हे खरं, पण ३८ लाख ४० हजारांचा हप्ता ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी सुमारे ३३,३०० येतो. तुमच्या पगारावर बँक साधारण निम्म्यापर्यंतच हप्ता धरेल, म्हणजे कर्ज ३१-३२ लाख. उरलेले २२ लाख रोख लागतील. तुमच्याकडे १६ आहेत. हा फ्लॅट आज तुमच्या आवाक्यात नाही, स्पष्टच सांगतो.

प्लॉटचं: नोंदणी करून घेतला तर खर्च १ लाख ७ हजार. ९०० फूट घर २,००० च्या दराने १८ लाख, बोअर-सेप्टिक-कंपाउंड ३ लाख धरा. एकूण ३६. कर्ज २० लाख, हप्ता १७,४००. पेट्रोल रोज ३० किमी धरून महिन्याला १,८००. हे जमतं, पण बँकेने कर्ज दिलं तरच.

उतारावाचक:
आणि बाँडवरच्या जागेला बँक कर्ज देत नाही. बाँडने मालकी येतच नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. त्यात मोठा धोका असा की बाँडचा व्यवहार ईसीमध्ये (जागेवरचे नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) दिसत नाही. तोच गुंठा आधी दुसऱ्याला दिलेला असेल तरी ईसी कोरीच निघेल.

पीडीओकडून (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) नमुना ९ आणि ११-अ मागा, हे बिनशेती जागेचे पंचायतीचे उतारे. ११-ब दाखवला तर थांबा. ती कर भरण्यापुरती नोंद आहे, जागा बिनशेती असल्याचा पुरावा नव्हे. २०२० नंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. म्हणून विकणारे "कायदेशीर आहे" म्हणतात. घेणं कायदेशीर झालं, घर बांधायला जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी लागतेच.

जमिनीच्या उताऱ्यात (आरटीसी) कॉलम ९ ला मालक, ११ ला बोजा बघा. सर्व्हे नंबरचा तुकडा असेल तर तो तुकडा मोजून दाखवणारा सर्व्हे खात्याचा ११-ई नकाशा हवा. कन्नड वाचता येत नसेल तर वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत लिहून घ्या.

प्रश्नकर्ता:
कॉलम ९ ला तीन भावांची नावं आहेत. तिघेही सही द्यायला तयार आहेत.

उतारावाचक:
बहिणी आहेत का विचारा. वडिलोपार्जित जमिनीत त्यांचाही हक्क आहे. वंशावळ घ्या, हयात बहिणींच्या आणि मयत असतील तर त्यांच्या वारसांच्याही सह्या खरेदीखतावर घ्या. इथले बरेच दावे याच एका गोष्टीवरून उभे राहतात. रिंगरोडच्या भूसंपादनात तो सर्व्हे नंबर आहे का, तेही बघा.

पायाभरणी:
जागा भाताच्या शिवारातली असेल तर पावसाळ्यात जाऊन बघा. एका गुंठ्यात (१,०८९ चौरस फूट) तीन फूट भराव म्हणजे जवळपास ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती. नव्या भरावावर पाया टाकला की तो बसतो आणि भिंती तडकतात. खड्डा भरावाखालच्या घट्ट मुरमापर्यंत न्या. शिवाय ३० बाय ४० चा तयार प्लॅन १,२०० फुटांचा असतो, गुंठ्यात तो बसणार नाही.

हिशोबी:
टोकन देऊ नका. आधी नमुना ११-अ ची प्रत घेऊन बँकेत जा. बँकेच्या वकिलाने "होय" म्हटल्यावरच १४ लाखांवर घासाघीस सुरू करा.