माळीकाम शिकायला महिनाभर बाहेर जायचं, तर रोजी कोण देते?

बागवाला_बजाजनगर

नमस्कार मंडळी. मी नागपुरात बंगल्यांच्या बागा सांभाळतो. धरमपेठ, बजाजनगर, प्रतापनगर, थोडं सिव्हिल लाइन्स. वय ४१, शिक्षण दहावी, हाताखाली दोन पोरं. लॉन, मेंदीच्या कुंपणाची छाटणी, हिवाळ्यातली शेवंती-पिटुनिया, यात मला कोणी हात धरू शकत नाही. पण कलमं बांधणं येत नाही. गुलाबाचा डोळा भरतो, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवतो, पण लागला तर लागला. आंब्याचं कलम, कुंडीच्या मातीचं मिश्रण, शेडनेटमधलं पाणी हे नर्सरीत राहूनच शिकता येते. आज सगळी रोपं विकत आणून गिऱ्हाईकाला देतो, मधात उरते ते टेम्पोच्या भाड्यात जाते.

पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडच्या एका नर्सरीवाल्याशी बोलणं झालं. ये म्हणे, राहणं-जेवण आमच्याकडे, पगार नाही. मी आषाढात जायचं म्हणून राहिलो. तेव्हा इथं पाणी द्यायचं काम नसते, नुसतं लॉन वाढते, ते पोरं मशीननं कापून घेतील. आणि कलमाचा मोसमही तोच. मे महिन्यात तर घरून हलताच येत नाही. ४५ डिग्रीत एक दिवस पाणी चुकलं की कुंडीतलं रोप गेलंच.

अडचण पैशाची आहे, पण फीची नाही. फी कोणी मागूनच नाही राहिलं. महिनाभर मी दिसलो नाही की बंगलेवाले पैसे कापतात, पोरीची फी काही थांबत नाही, आणि माझ्या जागी कामाचा माणूस ठेवला तर त्याची रोजी वेगळी. एका बाईंची मुलगी इंग्लंडात असते. ती सांगत होती, तिकडे कामावर असलेल्या माळ्यांना दुसऱ्या बागेत जाऊन शिकायला ट्रस्ट पैसे देतात. आपल्याकडे आहे का जी असं काही? एका कार्यालयात विचारलं तर त्यांनी पॉलिहाऊसचं पत्रक हातात देऊन वाटेला लावलं.

निवृत्त_कृषी_पर्यवेक्षक

भाऊ, चकरा वाचाव्या म्हणून सांगतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली, महिन्याला ६ ते १० हजार मिळतात. पण वय १८ ते ३५ आणि शिक्षण किमान बारावी. तुम्ही दोन्हीकडून बाहेर. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार आहेत, पण त्यातल्या १८ व्यवसायांत हार-गजरे करणारे मालाकार आहेत, बागकाम नाही. कोणी दलाल ‘बसवून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

ग्रामीण युवकांसाठी आत्मा या सरकारी कृषी यंत्रणेमार्फत ७ दिवसांचं कौशल्य प्रशिक्षण होते. त्याचं राज्यातलं काम वनामती ही प्रशिक्षण संस्था बघते, म्हणजे आपल्या नागपुरातूनच. ७ दिवसांत कलम कसं बांधतात ते कळेल, हात नाही बसणार. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर माळी हा कृषी कौशल्य परिषदेच्या यादीतला व्यवसाय आहे, अनुभव तपासून देतात. पण कामावरच्या माणसाची बुडालेली रोजी यातलं काहीच भरून देत नाही.

तुमच्या पोरांचं मात्र जमू शकते. ज्या नर्सरीत ४ किंवा जास्त माणसं कामाला आहेत, ती शिकाऊ उमेदवार (अ‍ॅप्रेंटिस) घेऊ शकते. विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र देते. पण ते महिनाभराचं काम नाही, किमान सहा महिने धरा.

रोपवेडा_अमरावतीरोड

मी बीएस्सी कृषी करतोय. आम्हाला ग्रामीण कार्यानुभवासाठी शेतकऱ्याकडे पाठवतात, ते अभ्यासक्रमातच आहे. जन्मभर ज्याच्या हातात कात्री-खुरपं, त्याला मात्र असं कोणी पाठवत नाही. कमाल आहे.

इंग्लंडची गोष्ट खरी आहे. तिथली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसुद्धा असे पैसे देते. ते पैसे आपल्या कामाचे नाहीत, पण तिकडच्यासारखा अर्ज लिहा दादा. नेमकं काय शिकणार, कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, खर्च सुटा-सुटा करून, मागे काम कोण बघणार आणि आल्यावर ते कुठे वापरणार. सोबत नर्सरीवाल्याचं पत्र. सगळं एका पानात बसवा. ते घेऊन गिऱ्हाइकांकडे जा, एखाद्या रोटरी क्लबकडे जा. बुडणारी रोजी खर्चात स्पष्ट लिहा, लाजू नका. तिथंच सगळे लाजतात आणि फक्त एसटीचं भाडं मागतात.

आणि डोळा भरण्यात हात बसवायचा असेल तर पुण्याकडे काऊन जाता? वरुडजवळ शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. जंबेरी या लिंबाच्या रोपाच्या खुंटावर दिवसभर डोळेच भरतात ती माणसं.

गच्चीबाग_लक्ष्मीनगर

आमच्याकडेही माळी आला नाही की पैसे कापतात, खोटं कशाला बोलू. पण पोरं येऊन लॉन कापत असतील तर पैसे कापायचं कारण काय? चार घरांनी महिन्याचे पैसे चालू ठेवावे, बदल्यात भाऊंनी पुढच्या पावसाळ्यात प्रत्येकाला कलमं द्यावी. किती आणि कशाची ते आधीच ठरवा, नाहीतर नंतर कटकट होते. एक विचारू? शिकून आलात की दर वाढवाल ना?

बागवाला_बजाजनगर

वाढवीन ना ताई, त्यासाठीच तर जाऊन राहिलो! पण चार घरांचे चालू ठेवलेत तर त्या चौघांना वर्षभर जुनाच दर. हेही पानावर लिहितो.

शेंदूरजनाघाट डोक्यातच नव्हतं. पण मला आंबा आणि फुलझाडं शिकायची आहेत, म्हणून या वेळी उरुळीच. आषाढात गेलो की पोळ्याच्या आधी परत. काकाजी, लहान पोराला उमेदवार म्हणून लावायचं तर नाव त्यानं नोंदवायचं की नर्सरीवाल्यानं?

निवृत्त_कृषी_पर्यवेक्षक

दोघांनीही, अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर. पोराचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा. केंद्राचा हिस्सा थेट त्याच्याच खात्यात येतो. आणि नर्सरीवाल्याला कागदपत्रांचं फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. अर्धे जण पोर्टल म्हटलं की फोनच ठेवतात.