सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि आजी: सगळ्यांनी मिळून काय वाचावं, काय ऐकावं?

रंकाळ्याची_सून:
दोन्ही पोरांची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी फडाफडा बोलतात, पण पुस्तक समोर धरलं की मुलाला लगेच तहान लागते. रॉकेट आणि यानं सोडून त्याला काही सुचत नाही. मुलगी अजून चित्रंच बघते. सासूबाईंना बारीक अक्षर लागत नाही. रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करून अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसावं, एवढंच डोक्यात आहे. पुस्तकं सांगा, गाणीही सांगा. बोधकथांचे संच वाढदिवसाला ढीगभर आलेत, ते नकोत.

कपाट_नंबर_सात:
मी इथंच कोल्हापुरात एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर असते, आणि घरी माझीही दोन आहेत.

माझी कसोटी एकच, बाइंडरकडे कुठलं पुस्तक सारखं जातं? थोर पुरुषांचे जाडजूड संच पालक हौसेनं नेतात आणि ते करकरीत परत येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र येतो तो शिवण उसवून, पानांवर हळदीची बोटं घेऊन. एकदा तर खूण म्हणून भडंगाच्या पाकिटाचा तुकडा निघाला. तुमच्या मुलाला तोच द्या. सुरुवात तुम्ही मोठ्यानं करा, आणि बन्या (फास्टर फेणेच तो) संकटात सापडला की पुस्तक मिटून भांडी आवरायला उठा. पुढचं तो बघून घेईल.

मुलीसाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’. चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं जशी असतात तशीच त्यात आहेत, उपदेशाचा डोस नाही. चित्रं बघून आजीला गोष्ट तिनंच सांगायची. विंदा करंदीकरांच्या बालकविता मात्र ठेका धरून म्हणा, मनातल्या मनात वाचल्या तर अर्धी मजा गेली.

आजींसाठी शंकर पाटलांच्या कथा. ते पट्टणकोडोलीचे, त्यामुळे भाषा आपल्या दारातलीच. सगळ्या कथा पोरांपुढं वाचण्यासारख्या नाहीत, आधी चाळून ठेवा. आणि वाचताना पुणेरी आवाज काढायचा नाही!

आता गाणी. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा आठवड्याला एकच गाणं लागायचं, ५६ गाणी वर्षाहून थोडी जास्तच पुरली. तुम्ही दिवसाला एक लावा, पोरांनी कितीही मागितलं तरी दुसरं नाही. सुधीर फडके जन्मानं कोल्हापूरचे, हे आजी सांगतीलच.

रॉकेटवाल्याला वेगळ्या वाटेनं आणा. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ, म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. आधी यानाचं चित्र दाखवा, मग गाणं लावा. ‘शास्त्रीय संगीत ऐकूया’ असं चुकूनही म्हणू नका.

मिसळ_नंतर_बोलू:
ताई, यादी नाद खुळा. पण आमचं कार्टं पाच मिनिटं बूड टेकत नाही, त्याचं काय? आणि पुस्तकांच्या किमती बघितल्या का?

कपाट_नंबर_सात:
नसेना का टेकत. माझा धाकटा मी वाचते तेव्हा खाली बसून शेंगा फोडतो. निम्म्या तोंडात जातात, पण कान इकडंच असतात. मधेच एखादी ओळ गाळली तर लगेच पकडतो.

किमतीचं म्हणाल तर विकत घ्यायचं कशाला? करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, वर्गणी भरून टाका. आणि ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं, त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पोराला म्हणावं, बाबाच्या जन्मसालाचा अंक शोधून दाखव.

रंकाळ्याची_सून:
बाबाचा अंक सापडला! त्यातली कोडी सोडवण्यावरून बापलेकांची जुंपलीय. सासूबाईंचं माहेर हुपरीचं. पट्टणकोडोली म्हटल्यावर उठूनच बसल्या. म्हणतात, वाचा कुणीबी, बोलायला चुकलात की मी मधेच थांबवणार. शनिवारी वर्गणी भरून येते.