मदत हवी आहे: माचणूरजवळच्या रानात शिशाच्या गोळ्या सापडल्यात, पुढे काय करू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, आजोळ मंगळवेढा तालुक्यात. माचणूरच्या अलीकडे मामांचं ज्वारीचं काळं रान आहे. पाइपलाइनसाठी चर खणला, त्यात शिशाच्या सात गोळ्या, भाजलेल्या मातीच्या चिलमीचे तुकडे आणि एक गंजका नाल निघाला. राखेचा एक काळा पट्टाही दिसला. तो मात्र जेसीबीवाल्याने बुजवून टाकला.

माचणूर म्हणजे औरंगजेबाची ब्रह्मपुरीची छावणी, १६९५ ते १६९९. नाव बदलून इस्लामपुरी केलं होतं. स्वतः किल्ले घ्यायला निघाल्यावरही त्याने बुणगे (लढाईत नसलेली माणसं आणि सामानसुमान) इथेच ठेवले. त्याआधीचा त्याचा कृष्णाकाठचा गलगल्याचा तळ जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये पाहिला होता. त्याने पाच लाख माणसं आणि अडीचशे बाजार लिहून ठेवलेत. आकडा निम्मा धरला तरी एवढ्यांनी रोज चूल पेटवली असेल! बादशहाचं सगळं वाचायला मिळतं. साधा शिपाई काय शिजवायचा, कुठे निजायचा, हे या रानातून कळेल का? आणि वस्तू कुणाला दाखवू? मामांना भीती आहे की सरकार रान काढून घेईल.

भीमाकाठ:
ताई, आधी एक सांगा, गोळ्या घासल्या नाहीत ना? शिशावर बसलेला पांढुरका थर तसाच राहू द्या. हात लावलात तर साबणाने धुवा, शिसं विषारी असतं.

गोळी चपटी आहे की गोल? चपटी म्हणजे झाडलेली, कशावर तरी आपटलेली. गोल आणि साच्याची शिवण दिसत असेल तर बहुधा हातातून पडलेली किंवा तिथेच ओतलेली. तळावर अशाच जास्त सापडतात. सोनाराकडे वजन करा. १५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी साधारण २० ग्रॅम भरते. पण गोळी एकटी काळ सांगत नाही, पुढे शिकाऱ्यांनीही बंदुका वापरल्याच.

चिलीम जास्त बोलकी. तंबाखू दख्खनेत पोर्तुगिजांमुळे आली आणि अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली. म्हणजे तुमचे तुकडे तंबाखूच्या चिलमीचे असतील तर सतराव्या शतकाच्या फार मागे जात नाहीत. नालही नीट बघा. बैलाची पत्री दोन अर्ध्यांची असते, घोड्याचा नाल अखंड.

काळीमाती:
खोलीवर फार विसंबू नका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची वस्तू भेगेतून हातभर खाली जाते. राखेचा पट्टा सलग असेल तर तो खरा कामाचा. चूल असेल तर तिथली हाडं, जळके दाणे यांवरून जेवण कळतं. अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी तळावर १७७७च्या हिवाळ्यात बारा-बारा शिपायांना १४ बाय १६ फुटांच्या लाकडी झोपड्या बांधल्या होत्या, त्यामुळे चुलींच्या जागा सापडल्या. तंबूची खूण मागे राहत नाही. राख, खापरं, हाडं, एवढंच.

भीमाकाठ:
मेटल डिटेक्टरवाल्या पोरांना रानात पाऊल टाकू देऊ नका. १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे (इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट) जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं असतं. तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकवतात, तिथेही दाखवा. चार गोळ्या घावल्या म्हणून कुणी सातबारा काढून घेत नाही, मामांना सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार. दोन गोळ्या मामींनी चिंचेने घासून लख्ख केल्यात, देव्हाऱ्याजवळ ठेवायच्या म्हणून! बाकी पाच कागदाच्या पुडीत तशाच आहेत. शिवण दिसते, चपटी एकही नाही. नाल मात्र पत्रीच निघाली. राखेची जागा बांधावरच्या बाभळीपासून पावलांनी मोजून लिहून ठेवलीय. मामा ती दोन सरीएवढी पट्टी यंदा नांगरणार नाहीत, पण पेरणीआधी कुणी येऊन बघितलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं आहे.