पॅलेटसाठी रंग निवडताना वारंवारतेवर किती विसंबावे?

चित्रातून पाच-सहा रंगांचे पॅलेट काढायचे असेल, तर ज्या रंगाचे पिक्सेल सर्वांत जास्त तो रंग आधी घ्यावा, हा निकष हल्ली भाबडा मानला जातो. माझे मत याच्या उलट आहे. मोजणी हाच पॅलेटचा पाया असावा, आणि जे दोष तिच्या माथी मारले जातात ते बहुतांशी ती निष्काळजीपणे केल्यामुळे उद्भवतात.

१२०० × ८०० पिक्सेलचे एक छायाचित्र समजा: वर आकाश, खाली समुद्र, मध्ये एक लहानशी लाल होडी. एकूण पिक्सेल ९,६०,०००. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा यांसाठी ८-८ बिट, म्हणजे ० ते २५५ मधील एकेक आकडा, असल्याने शक्य रंगांची संख्या १,६७,७७,२१६ होते. अशा वेळी तंतोतंत सारखे रंग मोजले, तर डोळ्यांना एकच वाटणारा आकाशाचा निळा हजारो किंचित वेगळ्या छटांत विभागलेला आढळतो; कॅमेऱ्याचा नॉइज (आकड्यांतील यादृच्छिक चढउतार) आणि जेपेगचे संक्षेपण त्यात आणखी भर घालतात. आकाशाची मते अशी फुटली, की चित्राचा बराच भाग व्यापूनही ते मागे पडते आणि जिथे प्रकाश अतिरिक्त झाल्यामुळे सर्व आकडे २५५ वर जाऊन थांबले आहेत, तो ढगाचा कोरा पांढरा पट्टा पहिला येतो. हा निकाल चुकीचा आहे, हे मान्यच. पण त्यावरचा उपाय मोजणी सोडून देणे हा नव्हे.

उपाय असा की प्रत्येक घटकाचे वरचे ५ बिटच ठेवून रंगांचे ३२,७६८ कप्पे करावेत, कोणत्या कप्प्यात किती पिक्सेल पडतात ते मोजावे आणि उतरत्या क्रमाने रंग घेत जावेत. आधी निवडलेल्या रंगाच्या फार जवळचा रंग मात्र वगळावा. हे अंतर आरजीबीच्या (लाल, हिरवा, निळा यांच्या) आकड्यांत न मोजता सीआयई लॅबमध्ये मोजावे, कारण १९७६ची ही रंगपद्धती डोळ्यांना जाणवणाऱ्या फरकाशी पुष्कळ अधिक मिळतीजुळती आहे. एवढ्याने बहुतेक चित्रांचे काम भागते, आणि पॅलेटमधला प्रत्येक रंग तिथे का आला, हे आकड्यानिशी सांगता येते.

प्रतिसाद १

धाग्यातील पद्धत नवी नाही. मर्यादित रंग दाखवणाऱ्या पडद्यांसाठी ती वापरली जात होती, आणि पॉल हेकबर्ट यांनी १९८२च्या आपल्या निबंधात तिच्या मर्यादा दाखवून ‘मीडियन कट’ ही पद्धत मांडली, त्यालाही आता चार दशके उलटली आहेत. आक्षेप मूलभूत आहे: सर्वाधिक आढळणारे रंग घेतले की रंगावकाशातील (लाल, हिरवा व निळा या तीन अक्षांवर सर्व रंग मांडलेल्या जागेतील) जे भाग विरळ पण महत्त्वाचे आहेत, त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

मीडियन कट सर्व पिक्सेल एका पेटीत धरते, ती पेटी सर्वांत लांब बाजूवर अशी कापते की दोन्हीकडे सारखे पिक्सेल यावेत, आणि हवे तितके तुकडे होईपर्यंत हेच करत राहते. अर्थात तिच्यातही मोठ्या आकाशाला जास्त पेट्या मिळतात. म्हणूनच पुढे लेप्टोनिकासारख्या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत असा बदल झाला, की सुरुवातीच्या टप्प्यानंतर कोणती पेटी कापायची ते पिक्सेलची संख्या आणि पेटीचे आकारमान यांच्या गुणाकारावरून ठरावे. निव्वळ संख्येवर थांबू नये, हे या क्षेत्राने अनुभवातून शिकलेले आहे. धागाकर्त्यांनी तो अनुभव बाजूला का सारावा, हे मला उमगत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

हा इतिहास खरा आहे, पण त्यामागचा प्रश्न वेगळा होता. संपूर्ण चित्र २५६ रंगांत पुन्हा रंगवायचे होते, त्यामुळे एकही पिक्सेल मूळ रंगापासून फार दूर जाऊ नये याला महत्त्व होते. १९८७चे जिफ स्वरूपही याच मर्यादेत काम करते. आपल्याला मात्र चित्र पुन्हा रंगवायचे नाही, पाच-सहा रंगांत त्याची ओळख सांगायची आहे. पहिल्या कामातील अपयशावरून दुसऱ्या कामाचा निकाल लावणे योग्य नाही.

प्रतिसाद २

ओळखच सांगायची असेल, तर धागाकर्त्यांनी स्वतः दिलेली होडी पाहावी. ती ४० × ३० पिक्सेलची धरली तर १,२०० पिक्सेल होतात, म्हणजे संपूर्ण चित्राचा ०.१२५ टक्का. त्या चित्राकडे पाहणाऱ्या कोणाचीही नजर आधी होडीवर जाईल, आणि नंतर आठवणीतही होडीच राहील. मोजणीच्या पॅलेटमध्ये मात्र दोन निळे, एक करडा, एक पांढरा आणि एक गडद हिरवट निळा येईल. रंगांतील अंतराची अट लावली तरी होडीचा क्रम येईपर्यंत लाटांच्या सावल्या आणि ढगांच्या कडा जागा अडवून बसलेल्या असतात. ज्या पॅलेटमध्ये लाल नाही, ते या चित्राचे आहे असे कोण म्हणेल?

म्हणून रंगाच्या तीव्रतेला, म्हणजे तो किती भडक आहे याला, वजन द्यायलाच हवे. अँड्रॉइडमध्ये २०२१पासून वॉलपेपरवरून संपूर्ण फोनची रंगसंगती ठरते. तेथेही आधी रंगांचे गट पाडतात आणि मग प्रत्येक रंगाचा चित्रातील वाटा व त्याची तीव्रता या दोन्हींवरून त्याला गुण देतात. केवळ संख्येवर ही निवड सोपवली असती, तर राखाडी आणि मातकट रंगांचीच सरशी झाली असती.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ मधील अडचण खरी आहे, पण सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो. तीव्रतेला किती वजन द्यायचे, हे कोण ठरवणार? वजन थोडे वाढवले की होडी येते, आणखी वाढवले की कोपऱ्यात छापलेला तारखेचा नारिंगी आकडाही पॅलेटमध्ये शिरतो. धुक्यातील टेकड्यांच्या चित्राची सारी ओळख त्याच्या मंद राखाडी छटांत असते. तिथे हेच वजन एखाद्या झुडपाचा पिवळा पुढे आणून संपूर्ण चित्राचा भाव बिघडवते. मोजणी निदान सर्व चित्रांना एकच नियम लावते.

के-मीन्सचा, म्हणजे जवळजवळचे रंग ठरावीक संख्येच्या गटांत वाटणाऱ्या पद्धतीचा, उल्लेख अद्याप झालेला नाही, पण तो होणारच, म्हणून आधीच लिहितो. त्यात प्रत्येक गटाची सरासरी पॅलेटमध्ये जाते, आणि ती सरासरी चित्रात कोठेही नसलेला रंग असू शकते. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकाच गटात आले, तर मधोमध एक मळकट शेवाळी रंग तयार होतो. शिवाय सुरुवातीची केंद्रे यादृच्छिक निवडली असतील, तर एकाच चित्राचे पॅलेट दर वेळी थोडे वेगळे येते. ज्यांना के-मीन्सच वापरायचे आहे, त्यांनी निदान केंद्राच्या सर्वांत जवळचा खरा पिक्सेल उचलावा.

प्रतिसाद ४

मी मोजणीच्या बाजूने आहे, पण धाग्यातील कप्प्यांची रीत जशीच्या तशी वापरू नये. ५ बिटांचा कप्पा ८ आकड्यांचा असतो. त्यामुळे १२० आणि १२७ एकाच कप्प्यात पडतात, तर शेजारशेजारचे १२७ आणि १२८ वेगवेगळ्या. एखाद्या एकसारख्या करड्या भिंतीचे आकडे नॉइजमुळे १२६ ते १२९च्या दरम्यान हलत असतील, तर तिन्ही घटकांत सीमा ओलांडली जाते आणि ती एकच भिंत आठ कप्प्यांत विखुरते. धागाकर्त्यांनी मतफुटीवर काढलेल्या उपायातच मतफूट शिल्लक आहे! जवळचा रंग नंतर वगळून ती भरून येत नाही, कारण क्रम तोवर लागून गेलेला असतो. क्रम लावण्यापूर्वीच शेजारच्या कप्प्यांची संख्या एकत्र करावी लागते.

दुसरी चूक सर्रास दिसते: कप्प्याचा तळाचा आकडाच त्याचा रंग म्हणून दाखवतात. मग २५५चा पांढरा २४८ होतो आणि पॅलेटमधील पांढरा नेहमी किंचित मळलेला दिसतो. कप्प्यातील सर्वाधिक आढळलेला खरा रंग घ्यावा, किंवा सरासरीच हवी असेल तर ती प्रकाशाच्या रेषीय मूल्यांवर काढावी. एसआरजीबीचे (पडद्यांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या आरजीबी पद्धतीचे) आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. काळा आणि पांढरा यांच्या समसमान मिश्रणाचा प्रकाश १२८वर नव्हे, तर सुमारे १८८वर येतो.

प्रतिसाद ५

थोडक्यात दोन गोष्टी. पूर्ण पारदर्शक पिक्सेल मोजणीतून आधीच वगळावेत, कारण त्यांच्यामागे बहुधा काळ्याचे आकडे साठवलेले असतात आणि लोगोच्या पॅलेटमध्ये नसलेला काळा पहिला येतो. तसेच वेग वाढवण्यासाठी चित्र लहान करायचे असेल, तर ठरावीक अंतरावरचे पिक्सेल उचलावेत. सरासरी काढून लहान केल्यास रंगांच्या कडांवर मूळ चित्रात नसलेल्या छटा जन्माला येतात.

धागाकर्त्याचे उत्तर

शेजारचे कप्पे आधी एकत्र करण्याची सूचना मला पटली. ती मोजणी अधिक काटेकोर करते. होडीबाबत मात्र माझे मत कायम आहे. ०.१२५ टक्के जागा व्यापणारा लाल ४० टक्क्यांच्या निळ्याशेजारी समान आकाराच्या चौकोनात मांडला, तर पाहणाऱ्याची दिशाभूल होते. तो द्यायचाच असेल, तर मुख्य रंगांपासून वेगळ्या जागी, उठावाचा रंग म्हणून द्यावा, आणि प्रत्येक रंगापुढे त्याचा चित्रातील वाटा लिहावा.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

वाटा लिहिल्याने अभ्यासकाचे समाधान होईल, पण पॅलेट वापरणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. त्याला त्या चित्राशेजारच्या मजकुराला, मथळ्याला आणि बटणाला रंग द्यायचा असतो, आणि तिथे टक्केवारी कोणालाच दिसत नाही. वेगळी जागा ठेवण्याची तडजोड मला चालेल, पण त्या जागेवर कोणता रंग बसवायचा हे मोजणी सांगू शकत नाही. छपाईतील नारिंगी तारीख सोडून होडीचा लाल उचलायचा, तर आसपासच्या रंगांशी असलेला विरोध, सलग क्षेत्रफळ आणि चित्रातील स्थान यांचा विचार करावाच लागेल, आणि तो विचार म्हणजे शेवटी वजन देणेच आहे.