पणजोबांच्या मागची पिढी कशी शोधायची? (कराड तालुका)

कोयनाकाठ: मंडळी, सल्ला हवाय. आमचं मूळ गाव कराड तालुक्यात, आजोबा गिरणीत लागले तेव्हा मुंबईला आले आणि मग आम्ही इकडचेच झालो. पणजोबांचं नाव माहितीये, त्यांच्या मागचं काहीच नाही. मे महिन्यात पोरांना घेऊन गावी जातोय, त्यांनाही यात गुंतवता येईल असं काही असलं तर सांगा ना.

मोडीमित्र: आधी जुना सातबारा काढा. त्यावर गोलात जे आकडे असतात ते फेरफार नंबर (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), त्यातला वारस नोंदीचा फेरफार मिळाला की मयत कोण, कधी वारले, मागे कोण कोण, सगळं एका जागी असतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करायचा, पण त्याआधी घरबसल्या 'आपले अभिलेख' साइटवर गाव टाकून बघा, काही स्कॅन तिथेच मिळून जातात. आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना अजिबात सोडू नका, विधवांची, बहिणींची नावं बरेचदा तिथेच असतात, आपल्या वंशावळींत बायका कुठे दिसतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं म्हणून मुद्दाम सांगतोय. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावाची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, बघा. जुनं बरंचसं मोडीत असेल, पण 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढलीये, चौकशी केलीत तर मिळतील.

गोदातीर: त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी कधी गेलं होतं का? तिथल्या उपाध्यांकडे नामावळ असते, गाव नि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं.

कृष्णाकाठची लेक: आमच्याकडे हेळवी येतात, वंशावळ म्हणून दाखवतात, भाऊबंदांत विचारा, कोणाकडे तरी त्यांचा नंबर असेल. आणि पोरांना म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या. सन विचारू नका, कोयनेच्या भूकंपात कोण तान्हं होतं, बहात्तरच्या दुष्काळात कोण कामावर जात होतं असं विचारा, भूकंप डिसेंबर 1967 चा, वय आपोआप निघतं.

कोयनाकाठ: हे भारीच! चुलत आत्या आहेत गावात, पोरांना आधी तिकडेच बसवतो. पण जमीन आता चुलत्यांच्या नावावर आहे, मी अर्ज केला तर चालेल का?

मोडीमित्र: चालेल. फक्त गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही घ्या, जमिनींचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाच्या आधीच्या नोंदी त्याच्यावरच सापडतात. आणि चुलत्यांच्या कानावर आधी घाला, नाहीतर वाटणी मागायला आला असं वाटायचं त्यांना.