कांटच्या मते खोटं कधीच नाही म्हणजे नाहीच का?

कडक_चहा:
यूपीएससीच्या एथिक्स पेपरसाठी कांट हा जर्मन तत्त्वज्ञ वाचतोय, डोकं पार भंजाळलंय. परिणाम बघायचा नाही कर्तव्य बघायचं, इथवर ठीक. पण मागच्या महिन्यात आजीचा बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला साधी गाठ आहे म्हणून सांगितलं, बाबांनी तर फाइल माळ्यावर टाकली. कांटच्या हिशोबानं आम्ही चुकलो का?

बिनपगारी_मास्तर:
चुकलात. 1797 च्या लेखात तर तो म्हणतो, खुनी दारात येऊन मित्र घरात आहे का विचारतोय तरी खोटं बोलू नका. हे मलाही पचत नाही. पण असं का म्हणतो ते बघ. त्याचं 1785 चं उदाहरण आहे, एकाला पैशाची नड आहे, फेडता येणार नाही हे पक्कं माहितीये तरी "देतो परत" म्हणून उसने घेतो. आता सगळेच असं करायला लागले तर "देतो" या शब्दाला कोण विचारणार, उसनवारीच बंद. म्हणजे त्याची थाप खपते ती बाकीचे शब्द पाळतात म्हणून. लोक इथे हमखास गडबडतात, "सगळ्यांनी केलं तर वाईट होईल" असं नाहीये ते, तो परत परिणामच झाला ना! तो नियम सगळ्यांना लावला की उभाच राहत नाही, हा मुद्दा आहे.

उंबरठा:
म्हणजे आपलं निष्काम कर्मच की.

बिनपगारी_मास्तर:
थोडंफार. टिळकांनीही गीतारहस्यात कांटचा विचार घेतलाय. पण स्वधर्म अर्जुनाला क्षत्रिय म्हणून सांगितलाय, कांटचा नियम कुणालाही सारखाच.

दुपारची_झोप:
खोटं बोलणं वेगळं आणि न सांगणं वेगळं, हे कुणी बोललंच नाही. जे बोलाल ते खरं असू दे म्हणतो तो, सगळंच ओका म्हणत नाही. पण इथे मला त्याचं दुसरं सूत्र जास्त लागू वाटतं, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. शरीर आजीचं, उपचार घ्यायचे का नाही ते तिनं ठरवायचं, आणि ते तुम्ही परस्पर ठरवून मोकळे. प्रेमापोटी केलंत, मान्य, पण कांट त्याचे मार्क देत नाही.

कडक_चहा:
काल आजीच विचारत होती, साधी गाठ आहे तर सारखं हॉस्पिटलात कशाला नेता रे. मी म्हटलं चल, रिक्षा थांबलीये.